वरून ओतलेलं पाणी

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर हातात पेन आलं ते सही करण्यापुरतं. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे मला आजही कळत नाही. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला एक जुनी चीर आहे, ती उन्हाळ्यात उघडते, म्हणून पेन मधल्या बोटाशी धरावं लागतं आणि ओळ उताराला लागते. हे कुणाला दाखवायचं नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच, तर चुका पोटात घालाव्यात.

आज दुपारी दारातल्या निळ्या ड्रममध्ये हात घातला आणि झटकन बाहेर काढला. चहाला आधण ठेवावं तसं पाणी तापलं होतं. आमच्या सोलापूरचा उन्हाळा लोकांना आभाळात दिसतो, मला तो पाण्यात लागतो. वरचे पत्रे तडतड वाजत होते. शाळेला सुट्टी असल्यानं शाळेच्या खिचडीचं माझं काम बंद आहे आणि मी दुपारची घरी आहे. लेकीनं सकाळी अंडं तळून खाल्लं होतं आणि ताटली तशीच उन्हात सोडून ती मैत्रिणीकडे पळाली होती. मी विचार न करता ताटलीवर ड्रममधलं ऊन पाणी ओतलं, आणि वास वर आला.

वशाट. ओल्या भांड्यातून येणारा अंड्याचा तो वास. तेवढ्यानं मी मनानं पुन्हा, जिथं भांडी घासायचे त्या अक्कांच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसले. गुडघे छातीशी, साडी खोचलेली, समोर खरकट्याचा ढीग.

भांडं निघालं की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. डोळा फसतो. चकाकतं ते स्वच्छ असं त्याला वाटतं. बोटाला खरं कळतं. ओल्या ताटावरून बोट दाबून फिरवलं आणि कुईं असा आवाज आला, तर निघालं. बोट मुकाट घसरलं, तर तेल अजून आहे. आणखी एक खूण आहे. ताटावर पाणी ओतायचं आणि बघायचं. पाणी सगळीकडे सारखं पसरलं, तर ताट स्वच्छ. पाण्याचे थेंब थेंब होऊन ते इकडेतिकडे पळायला लागलं, तर ताटावर काहीतरी बसलेलं आहे आणि ते पाण्याला जवळ येऊ देत नाही.

हे सगळं मला आईनं शिकवलं. आमचं गाव टेंभुर्णीच्या बाजूला. आई हात उगारायची नाही. मी घासलेल्या ताटात काही राहिलं असेल, तर ती संध्याकाळी त्याच ताटात मला वाढायची. एकदा कडेला आदल्या दिवसाचं पिठलं वाळून बसलेलं होतं. त्याच्यावरच तिनं आमटी ओतली.

"खा की," ती म्हणाली. "तुजंच हाय ते."

मी सहा-सात वर्षांची असेन. खाल्लं. आई समोर बसून माझा शेवटचा घास गिळून होईपर्यंत बघत राहिली. मग तिनं सांगितलं, "तेलाला ऊन पाणी. दुधाला, कणकीला, अंड्याला गार. उलटं केलंस की ते शिजतंय भांड्यावर, आन् मग वास काय जात न्हाय." एवढं सांगायला तिला दोन घटका लागल्या नाहीत. पण आधी ते ताट मला खायला लावलं, म्हणून आजवर लक्षात आहे. आई वाईट नव्हती. पण तिच्या हातात मऊपणा नव्हता. राखेनं तो घासून गेला होता.

तिनं मला लग्नात एक तांब्याचा हंडा दिला. तिच्या लग्नातला. त्याच्या गळ्याशी ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं होतं. तो दाराशी, आता जिथं निळा ड्रम आहे तिथं असायचा. दर आठवड्याला मी तो चिंच आणि राखेनं घासायचे. दिवसभर दुसऱ्यांची भांडी घासून आल्यावरही घासायचे. जगात तेवढं एकच भांडं होतं जे मी स्वतःसाठी घासत होते.

अक्का म्हणजे मी ज्या घरी भांड्याला जायचे तिथल्या मालकीणबाई. सात रस्ता चौकाच्या पलीकडे त्यांचं दोन मजली घर. माणसं मूळची दुधनीकडची, डाळींच्या व्यापारातली. आपसात कानडी बोलायची, माझ्याशी मराठी. घरात अक्का, त्यांचे मालक, त्यांना सगळे अप्पा म्हणायचे, सारखा बाहेरगावी असलेला मुलगा आणि सून. सुनेला मी वहिनी म्हणायचे. मांस, मासळी, अंडं यातलं काही त्या घराचा उंबरा ओलांडून आत जात नसे. अप्पांना तर वाटेत कुणी अंड्याची गाडी लावलेली दिसली की ते रस्ता बदलायचे.

ज्या उन्हाळ्याचं सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी वळवाच्या वादळानं आमच्या घरावरचे पत्रे उडवले. एक पत्रा पलीकडच्या गल्लीत सापडला, भाजलेल्या पापडासारखा दुमडलेला. माझा नवरा टॉवेलच्या मागावर कामाला. त्याच्या मालकाकडे आधीच त्याची उचल होती, आणखी मिळेना. मी अक्कांकडे मागितली. मागताना माझा आवाज निघेना, अक्कांनी तीनदा "काय?" म्हणून विचारलं. तिसऱ्यांदा मला कळलं की त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

पैसे त्यांनी दिले. ओट्यावर ठेवले आणि दोन पावलं मागे सरल्या, मग मी उचलले. त्या घरात माझ्या हातात काही दिलं जात नसे आणि माझ्या हातून घेतलं जात नसे. पगारही ओट्यावर. शिळी भाकरीही ओट्यावर. ठरलं असं, की दर महिन्याला निम्मा पगार कापून घ्यायचा आणि उचल फिटेपर्यंत काम सोडायचं नाही. हिशोब अक्कांच्या डोक्यात. त्यांचं डोकं पक्कं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घराचे पत्रे त्यांचे झाले.

"काय गं कौसल्या," त्या सकाळी दार उघडताना म्हणायच्या, "माझ्या पत्र्याखाली झोप लागली का नीट?"

मी हसायचे.

आता त्या पाण्याचं सांगते. भांडी घासून झाली की मी ती जाळीच्या टोपल्यात पालथी घालायची आणि बाजूला सरकून उभं राहायचं. मग अक्का आतून पितळेचा तांब्या घेऊन यायच्या. तांब्यात आतलं पाणी, देवघराशेजारच्या घागरीतलं. एकेका भांड्यावर त्या ते वरून ओतायच्या. ताटावर, वाटीवर, पळीवर, साध्या चमच्यावरसुद्धा. ओतलं की ते भांडं आत न्यायला मोकळं. मी कितीही घासलं तरी माझा हात त्याच्यावर राहायचा, तो त्या पाण्यानं जायचा. दुसऱ्या घरांतही हे मी पाहिलं होतं, त्याचं मला वाईट वाटेनासं झालं होतं. पण त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत चार-पाच दिवसांनी नळ यायचा, तोही करंगळीएवढा. माझी लेक शाळेच्या जुन्या बाटलीतून मोजून पाणी प्यायची. आणि इथं माझ्यासमोर तांब्यामागून तांब्या पाणी मोरीतून वाहून जायचं, फक्त माझा हात धुण्यासाठी. मी त्या पाण्याकडे बघायचे. घासलेल्या ताटांवर ते कसं सारखं पसरायचं! एक थेंब वेगळा पळायचा नाही. म्हणजे ताट स्वच्छच होतं.

त्याच सुमाराला शाळेतल्या बाईंनी निरोप दिला, की जूनमध्ये खिचडीच्या कामाला एक बाई पाहिजे, येशील का. शाळा घराजवळ. पगार थोडा जास्त. मी एक दिवस तिथं बघायला गेले. मुलं आपापली ताटं नळाखाली धूत होती आणि ओलीच एकावर एक टाकत होती. कुणी कुणाच्या हातावर पाणी ओतत नव्हतं. मी परत येताना रस्त्यात ठरवलं, शाळा उघडायच्या आत अक्कांचं फेडायचं. त्या उन्हाळ्यात मला दुसरं काही नको होतं. हिशोबानं जमत होतं. जेमतेम, पण जमत होतं.

मग एका दुपारी अप्पांनी ताट सारलं.

मी मागे शेवटची कढई घासत होते. आतून त्यांचा आवाज आला, "ह्या ताटाला कसला वास आहे?" मग अक्कांनी हाक मारली.

"कौसल्या, इकडं ये. हात पुढं कर."

मी हात पुढे केले. अक्का वाकल्या आणि न शिवता त्यांनी माझ्या बोटांचा वास घेतला, भाजीवाल्याच्या मेथीचा घ्यावा तसा.

"वास येतोय की. काय खाऊन आलीस?"

"भाकरी आन् शेंगाची चटणी, अक्का."

"चटणीला असला वास असतो व्हय?"

वहिनी दारात केस पुसत उभ्या होत्या. त्या सासूला म्हणाल्या, "मासे खातात ना हे लोक, अत्ती. कितीही घासा, हातातनं जात नाही."

आमच्या घरी मासळी येऊन किती महिने झाले होते ते मला आठवत नव्हतं. अप्पा हात धुऊन निघून गेले.

"मत्त तोळी," अक्का म्हणाल्या. पुन्हा धू. हे दोन कानडी शब्द मला त्या उन्हाळ्यानं शिकवले. "एक बाटलं म्हणजे सगळी बाटली. सगळी पुन्हा धू. आधी सोड्यानं हात धू, माझ्यासमोर. आणि आजचा दिवस धरायचा नाही."

"म्हणजे, अक्का?"

"म्हणजे आजचा पगार नाही. काम नीट झालं तर दिवस."

धुण्याच्या सोड्याची मूठ त्यांनी ओट्यावर टाकली. माझ्या बोटांना चिरा होत्या. सोडा चिरेत शिरला की आधी काही होत नाही, मग सगळा हात पेटतो. मी धुतले. अक्का बघत उभ्या होत्या. आई बघायची तशा. फरक एवढाच, की आईनं मग काहीतरी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या तळाशी, मोठ्या परातीखाली झाकलेली एक ताटली सापडली. कडेला पिवळं वाळलेलं. मी नखानं खरवडलं आणि नाकाशी नेलं. अंडं. मागच्या दारात वहिनी आल्या, कागदाची पुडी घेऊन. त्यांनी ती ओट्यावर ठेवली.

"ही टरफलं जाताना ने. आमच्या गल्लीत टाकू नको, लांब टाक."

मी पुडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, काल अक्का मला..."

"मला दिवस गेलेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधीचं एक राहिलं नाही, तुला माहीत आहे. डॉक्टरनं सांगितलंय अंडं खायला. आता आणखी काय सांगू तुला?" मग त्यांचा आवाज बदलला. "आणि कुणापाशी बोललीस ना, तर मी म्हणेन तूच तुझ्या डब्यातनं आणलंस. कुणाचं खरं मानतील? तुझं का माझं?"

मी पुडी पिशवीत घातली. आधीचं मूल गेलं तेव्हा त्यांच्या बाळंतपणाची भांडी मीच घासली होती. त्या किती दिवस जेवत नव्हत्या, ते परत आलेल्या ताटांवरून मला कळायचं. मला त्यांची दया आली. आणि वाटेत उकिरड्यावर ती टरफलं टाकताना, ती पायाखाली चुरगाळताना, मला त्यांचा इतका राग आला की मी तिथंच उभी राहून रडले. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

सात रस्त्यापासून घरापर्यंत मी रोज एक वाक्य पाठ करायचे. अक्का, तो माझ्या हाताचा वास न्हाय, अंड्याचा हाय. एवढंच. रिक्षांचे हॉर्न, फळांच्या गाड्या, चौकातली गर्दी, त्यात मी ते तोंडातल्या तोंडात म्हणत चालायचे. घरी येईपर्यंत चांगलं पाठ व्हायचं. सकाळी अक्कांनी दार उघडलं आणि "झोप लागली का माझ्या पत्र्याखाली" म्हटलं, की वाक्य गिळलं जायचं. लहानपणापासून माझं असंच. शाळेत गुरुजींनी उभं केलं की येत असलेली कवितासुद्धा यायची नाही.

वास मात्र जात नव्हता. मी ती ताटली दोनदा घासायची, तीनदा घासायची, काथ्यानं, साबणानं. वरच्या टाकीतून पाणी असं यायचं की हात पोळायचा, आणि मला वाटायचं, बरं झालं, ऊन पाण्यानं चांगलं निघेल. तेलकट भांडी त्या पाण्यानं खरंच झरझर निघायची. पण अंड्याची ताटली उन्हात वाळली की पुन्हा तोच वास, आणि तोच काथ्या बाकीच्या ताटांवरून फिरलेला. आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी अक्का यायच्या, वाकायच्या, वास घ्यायच्या. मत्त तोळी. दिवस धरायचा नाही. मी मनात जून जवळ येताना बघत होते आणि माझे दिवस मोरीतून वाहून जाताना बघत होते.

मग एका दुपारी आईचं ते ताट आठवलं. अंड्याला गार. उलटं केलंस की ते शिजतंय भांड्यावर. उन्हाळ्यात टाकीला गार पाणी येतच नाही, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मीच रोज ते अंडं ताटलीवर शिजवत होते.

अक्कांच्या घागरीतलं गार पाणी मला शिवता येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी घरच्या माठातलं पाणी बाटलीत भरून न्यायला लागले. बाटलीला ओलं फडकं गुंडाळायचे. सोबत कागदात मूठभर डाळीचं पीठ, वशाट ओढून घेतं म्हणून. डाळीच्या व्यापाऱ्याच्या घरी मी माझ्या घरचं डाळीचं पीठ नेत होते. सगळ्यांत आधी ती एक ताटली बाजूला काढायची. गार पाण्यात भिजवायची. पिठानं पुसायची. वेगळ्या चिंधीनं घासायची, चिंधी फेकून द्यायची. मग बाकीची.

एका सकाळी लेकीनं विचारलं, "आये, माठातलं पाणी कुटं न्हेतीस?"

"कामावर."

"त्यांच्याकडं पाणी न्हाय व्हय?"

तिनं आपली बाटली भरायला माठ वाकडा केला, तळाशी खळखळलं, आणि तिनं तो पुन्हा सरळ ठेवला. भरली नाही. तो आवाज मला आजही माठ रिकामा करताना ऐकू येतो.

वास गेला. अक्का वाकायच्या, नाक ओढायच्या, आणि सरळ व्हायच्या. "हं," एवढंच. मग तांब्यातलं पाणी. माझे दिवस पुन्हा धरले जायला लागले. अप्पा निवांत जेवायचे. वहिनींच्या गालावर तेज आलं होतं, पोट दिसायला लागलं होतं. टरफलांच्या पुड्या मी नेतच होते. सगळं घर ताटासारखं स्वच्छ झालं होतं, आणि ते कुणी स्वच्छ केलं हे विचारणारं तिथं कुणी नव्हतं. मला विचारायला नकोही होतं. मला फक्त दिवस हवे होते.

शाळा उघडायला थोडे दिवस उरले तेव्हा मी अक्कांसमोर जाऊन उभी राहिले. त्या मागच्या सावलीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी म्हणाले, "अक्का, शाळेत काम मिळालंय. आपले किती राहिले?"

"राहिलेत की," त्या म्हणाल्या. "न धरलेल्या दिवसांचे कोण भरणार?"

त्यांनी आकडा सांगितला. मी मान हलवली. तेवढे माझ्याकडे नव्हते.

"बस खाली," अक्का म्हणाल्या. असं त्या आधी कधी म्हणाल्या नव्हत्या. मी पायरीवर बसले. "राहिलेले सोडून देते तुला. वर पगार पुरा देते. फक्त दिवाळीपर्यंत थांब. सुनेचं बाळंतपण होऊ दे. आता दुसरी बाई आणली तर ती चार घरं हिंडून सांगेल. तू बोलत नाहीस, ते तुझं चांगलं आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुमाला ठावं होतं, अक्का?"

"मला काय नाक नाही?" त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात, टरफल खाली. "अंड्याला पैसे कोण देतंय तिला? मीच म्हणाले, खा, पण मला दिसू देऊ नको. नातू पाहिजे का नको घरात? पण यांना वास आला त्या दिवशी. यांना सांगितलं असतं तर यांनी तिला माहेरी घालवलं असतं. वास कुणाच्या तरी अंगावर जायला पाहिजे की. घरातल्याच्या अंगावर कसा घालू?"

"मग माजे दिवस, अक्का?"

"कुठले दिवस?"

"न धरलेले."

"ते धरले असते तर यांना पटलं असतं का?" त्या म्हणाल्या. रागानं नाही. मला समजावून सांगत होत्या, लहान मुलाला सांगतात तसं. "पगार कापला म्हणून पटलं. सोड्यानं हात धुवायला लावले म्हणून पटलं. तुझं काय गेलं त्यात? हातच धुतलेस ना?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. मला आठवलं, वहिनी दारात केस पुसत उभ्या होत्या. त्यांनाही माहीत होतं. अप्पा सोडून त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि मी रोज सात रस्त्यापासून घरापर्यंत एक वाक्य पाठ करत चालत होते, जे ऐकायला कुणी शिल्लकच नव्हतं.

"मी जाते, अक्का," मी म्हणाले. "पैसे आणून देते."

"कुठनं?" त्या हसल्या. "पत्रे विकणार?"

पत्रे विकले नाहीत. त्या रात्री नवऱ्याला काही सांगितलं नाही, सकाळी तो मागावर गेल्यावर हंडा पालथा करून पाणी दुसऱ्या भांड्यांत काढलं. मग मी तो घासायला बसले. चिंच भिजवली, राख चाळली. बाहेरून, आतून, गळ्याच्या खोबणीतून, आईच्या नावाच्या एकेका ठिपक्यातून. शेवटी पाणी ओतलं, ते कुठंही न तुटता खालपर्यंत गेलं. उन्हात ठेवला तर त्याच्याकडे बघवेना, इतका लाल झाला होता.

मोड घेणाऱ्याच्या दुकानात जुनी तांब्या-पितळेची भांडी चेपून ढिगानं पडलेली होती. हिरवी, काळी, तळ गेलेली. त्यानं माझा हंडा हातात घेतला आणि हसला.

"मावशी, एवढा कशाला घासलात? भट्टीतच जायचाय तो."

मी काट्याकडे बघत राहिले.

"घासलेलं काय आन् न घासलेलं काय. मोडीला मोडीचा भाव." त्यानं तो काट्यावर ठेवला. बुडाच्या भोकाला एक जुना कथलाचा डाग होता, आईनं कधीतरी जत्रेत लावून घेतलेला, त्याचं वजन त्यानं कापलं. मग पैसे दिले, आणि माझ्यासमोर हंडा आडवा करून त्याच्यावर पाय दिला. ढिगात जागा कमी लागावी म्हणून. आईचं नाव आत दुमडलं गेलं.

ते पैसे आणि त्या महिन्याचा हातात आलेला पगार मिळून भरत होते. लेकीच्या वह्यांचे राहिले. ते पुढच्या महिन्यात बघू म्हटलं.

शेवटच्या दिवशी मी भांडी घासली. नेहमीपेक्षा जास्त नाही, कमी नाही. टोपल्यात पालथी घातली आणि बाजूला उभी राहिले. अक्का तांब्या घेऊन आल्या. ताटावर ओतलं, वाटीवर ओतलं, पळीवर, झाऱ्यावर. परातीखालची ती ताटलीही होती, तिच्यावरही ओतलं. सगळं संपल्यावर मी पदराची गाठ सोडून नोटा काढल्या. घामानं त्या ओल्या झाल्या होत्या. सवयीनं मी त्या ओट्यावर ठेवायला वाकले.

अक्कांनी हात पुढे केला. माझ्या हातातून घेतल्या. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, चिरेवर लागली, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. तांब्या शेजारीच होता, त्यात पाणी शिल्लक होतं. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि मोजायला सुरुवात केली. प्रत्येक नोटेला पुन्हा अंगठा जिभेला. मध्ये एकदा चुकल्या, पहिल्यापासून मोजल्या. मग कमरेला खोवल्या.

"फिटले," म्हणाल्या.